बाही चार बोटं, भक्ती वाटेल तेवढी

चर्चच्या वर्शिप टीममध्ये, म्हणजे उपासनेत गाणाऱ्या गटात, निवड झाली म्हणे तुमची. अभिनंदन! सूर लागतो का, ताल सुटतो का, हे किरकोळ आहे, पुढं बघता येईल. आधी घरी जा आणि कपाट उघडा.

हे मी अनुभवानं सांगते. बेळगावातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सतरा वर्षं माइकसमोर उभी राहिले. मंडळीचं नाव विचारू नका, सांगितलं तर येत्या रविवारी परत माझी मोजणी सुरू होईल. आता डावीकडच्या खांबाजवळ, तिसऱ्या रांगेत बसते. तिथून सगळं दिसतं आणि मी कुणाला दिसत नाही. शालीन पेहरावाची याहून खात्रीची रीत मला तरी अजून सापडलेली नाही.

सुरुवात बाहीपासून करा. बाही कोपराखाली चार बोटं हवी. चार बोटं कुणाची, हे नियमात लिहिलेलं नाही, पण मापायला येतात कमिटीतल्या काकू. त्यांची बोटं भरलेली, त्यात तीन बोटांत अंगठ्या, एक पुष्कराजाची. त्यामुळं चार बोटांची जवळजवळ वीत होते. शिंप्याकडं जाताना हा हिशेब धरून जा. शहापुरातल्या माझ्या शिंप्याला आता काही सांगावं लागत नाही. "ताई, चर्च कुठलं ते सांगा, बाही मी सांगतो," म्हणतो तो. कुठल्या मंडळीत दागिना चालत नाही, कुठं गळा मागून बंद लागतो, कुठं साडीशिवाय स्टेजवर चढू देत नाहीत, सगळं त्याच्या वहीत आहे. पंथापंथातला फरक त्याच्याइतका नीट कुणी समजावून सांगितलेला मी ऐकला नाही.

बाही आखूड भरली तर काकू विचारतील, "काय गं, कापड संपलं काय?" यावर हसायचं आणि "पुढच्या वेळी बघते काकू" म्हणायचं. त्यांच्या अंगठ्यांकडं बघायचं नाही. बघितलंत तर बायबलमधला, पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला दुसरा अध्याय आठवेल आणि मग अडचण होईल. त्या अध्यायाची नववी ओवी तुम्हाला पहिल्याच मीटिंगला वाचून दाखवतील, निम्मीच. बायकांनी मर्यादेनं वेष करावा, इथं काकू श्वास घेतात आणि पुस्तक मिटतात. पुढं पौलानं यादी दिली आहे: केस गुंफणं, सोनं, मोती, मोलवान वस्त्रं. यादीत बाही नाही, घोटा नाही, लेगिंग तर नाहीच. बिचाऱ्या पौलाला पैशाचा थाट खुपत होता. पण ओवी पुरी वाचली तर काकूंची कांजीवरम कुठं ठेवायची?

तीच गत याकोबाच्या पत्राची. सोन्याची अंगठी आणि झगझगीत कपडे घालून आलेल्याला चांगली जागा देऊ नका, असं त्यात आहे. आमची मंडळी हे तंतोतंत पाळते. काकूंना पुढची खुर्ची कुणीही देत नाही, त्या स्वतःच बसतात.

मूळ ग्रीकमध्ये पौलानं इथं 'कॉस्मिओस' हा शब्द वापरला आहे. अर्थ साधाच, नीटनेटका, व्यवस्थित. पुढच्याच अध्यायात मंडळीच्या अध्यक्षानं कसं असावं हे सांगताना तोच शब्द परत येतो. म्हणजे जे माप गाणाऱ्या पोरींना, तेच माप मीटिंगच्या खुर्चीवर बसलेल्यांना. हे मी एकदा बायबल स्टडीत बोलून गेले. त्यानंतर तीन महिने मला चहा-बिस्किटाच्या कमिटीवर घातलं होतं.

बाहीनंतर परीक्षा हात वर करण्याची. आरशासमोर उभ्या राहा, स्तुतीत करतात तसे दोन्ही हात वर करा आणि कुडता किती वर जातो ते बघा. बोटभर पोट दिसलं तर कुडता बाद. साडीत पोट दिसतं, पण साडी ही संस्कृती आहे, त्यामुळं ते पोट धरत नाहीत. आता गंमत बघा. नवव्या ओवीच्या आधी आठवी ओवी येते, अशी माझी समजूत आहे. तिच्यात पौल पुरुषांना सांगतो, की राग आणि वाद सोडून पवित्र हात वर करून प्रार्थना करा. आमच्या कमिटीत पुरुषांचे हात वर होतात ते मतदानाला, आणि राग-वाद सोडायला सांगितला तर मीटिंगचा कोरमच भरणार नाही.

आता ओढणी. ओढणीचं कारण नीट समजून घ्या, कारण पुढं तुम्हालाही ते नव्या पोरींना सांगायचं आहे: 'भावांना अडखळण होते.' अडखळण हा शब्द पाठच करून ठेवा. भाऊ अडखळतो, आणि पिना बहिणीनं लावायच्या. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभूनं यावर वेगळा उपाय सांगितला आहे. तुझा उजवा डोळा तुला पापात पाडत असेल तर तो उपटून टाक, असं तो बघणाऱ्याला म्हणतो. पण कमिटी व्यवहारी आहे. डोळ्यापेक्षा ओढणी स्वस्त पडते, आणि गणपत गल्लीत वाटेल त्या रंगात मिळते.

ओढणीला पिना चार: दोन खांद्यांना, एक मागं, एक छातीशी मधोमध. खांद्याची पिन स्वस्तातली घेऊ नका. मी घेतली होती. ईस्टरचा रविवार, हॉल गच्च, बाहेर मांडवात खुर्च्या. तिसरं गाणं चढत्या पट्टीत गेलं, मी डोळे मिटून दोन्ही हात वर केले आणि खांद्याची पिन उघडून सरळ मांसात शिरली. हालेलुया अर्ध्यावर सोडून मी माइकमध्ये ओरडले, "आई गंऽऽ!" क्षणभर शांतता. मग मागून कुणीतरी "आमेन!" म्हणालं. समोरच्या मावशी हुंदके द्यायला लागल्या. कीबोर्डवाल्या पोरानं प्रसंग ओळखून हळू सूर धरला, आणि पुढची दहा मिनिटं मंडळी गुडघ्यांवर होती. उपासना सुटल्यावर पास्टर भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "सिस्टर, आज तुमच्यावर विशेष अभिषेक होता." खरं काय ते अजून त्यांना सांगितलेलं नाही. कुडत्यावरचा रक्ताचा डाग मात्र तीन धुण्यांत गेला नाही.

तुम्ही मुलगा असाल तर एवढं सगळं वाचत बसू नका. तुम्हाला एकच नियम, शर्ट इस्त्रीचा असावा. नसला तरी चालतो. आमच्या ड्रमरच्या जीन्सला दोन्ही गुडघ्यांवर भोकं आहेत. विकत घेतानाच होती म्हणतो. टी-शर्टवर कवटी. पण ड्रमर एकच आहे आणि सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पोरी, सात. बोलायला गेलं तर तो पलीकडच्या चर्चमध्ये जाईल, तिथं तर नवा ड्रम सेट आलाय. शालीनतेचा सगळा नियम मला इथं कळला, तुम्हीही लिहून ठेवा: ज्याची टंचाई, त्याला कृपा. सोप्रानोंना नियमशास्त्र.

वास्तविक उपासनेत कुणी काय घालावं याचा पहिला लेखी हुकूम बायकांसाठी नव्हताच. निर्गमच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात कमरेपासून मांड्यांपर्यंत तागाचे चोळणे घाला म्हणून सांगितलंय, ते याजकांना, म्हणजे पुरुषांना. त्याआधी विसाव्या अध्यायात तर वेदीवर पायऱ्यांनी चढूच नका असं आहे, चढताना खालच्यांना भलतंच दिसेल म्हणून. आमचं स्टेज अडीच फूट उंच. गिटारवाला खाली वाकून पेडल दाबतो तेव्हा मागच्या कॉयरला जे दर्शन घडतं, ते मोशेनं आधीच ओळखलं होतं. पण तो जुना करार आहे, आता कृपेचा काळ आहे, असं कमिटीचं म्हणणं. कृपेचा काळ गिटारपर्यंत पोचलाय. सोप्रानोपर्यंत यायला वेळ लागेल, वाटेत खड्डे फार आहेत.

माझी आजी खानापूरकडची. नऊवारी नेसायची, काष्टा घालून. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणताना टाळ घेऊन ती डोलायची, तेव्हा तिच्या पोटऱ्या सगळ्या मंडळीला दिसायच्या. भात लावणीच्या चिखलानं भेगाळलेल्या पोटऱ्या होत्या त्या. त्यानं कुणी अडखळल्याचं ऐकलं नाही. मिशनच्या मडमा गळ्यापासून टाचेपर्यंत बंद असायच्या, त्यांनीही तिला कधी टोकलं नाही, असं ती सांगायची.

मिशनवरून आठवलं. लंडन मिशनरी सोसायटीनं १८२० साली बेळगावात ठाणं मांडलं आणि १९०४ साली ते मेथडिस्टांच्या हवाली केलं. हीच सोसायटी खाली दक्षिणेत त्रावणकोर संस्थानातही होती. तिथल्या नाडार बायकांना अंगावर वरचं वस्त्र घ्यायची बंदी होती, कारण त्यांची जात. ख्रिस्ती झालेल्या बायकांनी तरीही छाती झाकली. भर बाजारात त्यांची वस्त्रं फाडली गेली, मारहाण झाली, आणि अखेर १८५९ साली महाराजांना त्यांना परवानगीचा जाहीरनामा काढावा लागला. अंगावर काय घ्यायचं ते आम्ही ठरवू, म्हणून मार खाल्लेल्या बायका त्या. आमच्याकडं त्यांचा उल्लेख होतो, नाही असं नाही. ओढणी सक्तीची का, हे पटवून देताना होतो.

पावसाळ्याचं फार सांगत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडं काही वाळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दमट इरकल आणि त्यावर अत्तर मारून उभ्या राहू नका. खालच्या पट्टीतल्या अल्टो शिंकतात.

रंगाचं मात्र ऐका, ती बाब नाजूक आहे. टीमनं एका रंगात यायचं असतं, आणि रंग मीटिंगमध्ये ठरतो. इतर गावांत हा पाच मिनिटांचा विषय. आपल्याकडं २०२६ साली १ नोव्हेंबर रविवारी येतोय, आणि त्या दिवशी कन्नड आणि मराठी उपासना एकत्र घ्यायची असं ठरून बसलंय. काळा नको, कारण १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासून आपल्या मराठी लोकांचा तो काळा दिन, कन्नड बंधूंना वाटेल गाण्यातून निषेध चाललाय. पिवळा-लाल नको, कर्नाटक राज्योत्सवाचा झेंडा होतो, मग मराठी रांगा उठून जातील. भगवा तर नकोच नको. हिरवा कुणी सुचवला आणि कुणीतरी लगेच खोकलं. निळ्यावर एकमत होत आलं होतं, तेवढ्यात एकानं विचारलं, निवडणुका कधी आहेत? पास्टर म्हणाले, चर्चच्या पंचांगाप्रमाणं तो सकल संतांचा दिवस, रंग पांढरा. सगळ्यांनी हुश्श केलं. मग काकू म्हणाल्या, पांढऱ्यातून लाइट आरपार जातो.

पंडिता रमाबाई आठवल्या मला तिथं. आपल्याच कर्नाटकात जन्मलेली बाई, अंगावर पांढरं सुती लुगडं, हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या समोर उभ्या असत्या तर काकूंनी आधी त्यांना ट्यूबलाइटखाली उभं केलं असतं, मग "अस्तर घ्या की बाई" म्हणून सांगितलं असतं. पण मी काही बोलले नाही. चहा-बिस्किटाची कमिटी अजून लक्षात आहे.

शेवटी ठरलं ते असं: सायीच्या रंगाची साडी, आतून जाड परकर, वरून शाल. नोव्हेंबरची थंडी असतेच, त्यामुळं शालीला कुणाची हरकत नाही. मुलांनी 'काहीतरी नीट' घालावं. मीटिंग अडीच तास चालली. बाहेर पडताना साउंडवाल्या पोरानं जिन्यात गाठून विचारलं, "आन्टी, गाणी कुठली हाईत मग?" मी काकूंकडं बघितलं, काकूंनी पास्टरांकडं, आणि पास्टर स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

तर शनिवारी संध्याकाळी पाचला प्रॅक्टिस आहे. शाल घेऊन या. पिना डझनभर तरी आणा, मागच्या सगळ्या स्टेजच्या पुढच्या पडद्याला लागल्यात. आमचे घोटे दिसतात म्हणून तो लावलाय. पडद्याच्या उजव्या टोकाला फट ठेवलीय, तिथं हात घालू नका. ड्रमरचा पाय असतो.