कात्री एक म्हणून आजार एक?

‘अल्झायमर म्हणजे मधुमेहाचा तिसरा प्रकार. इन्सुलिन आणि मेंदूतला कचरा एकच प्रथिन साफ करतं. इन्सुलिन वाढलं की ते त्यातच गुंततं आणि कचरा साचतो. म्हणून इन्सुलिनची इंजेक्शनं थांबवा, भात सोडा, रोज दोन चमचे खोबरेल तेल घ्या.’ हा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीनदा आला. तिसऱ्या खेपेला मावशीने फ्रिजच्या दारातलं इन्सुलिनचं पेन लोणच्याच्या बरणीमागे सरकवलं होतं. म्हणून लिहायला बसलो.

प्रथिन खरं आहे. त्याचं नाव आयडीई, म्हणजे इन्सुलिनचे तुकडे करणारं एन्झाइम, एक प्रकारची कात्रीच. १९४९ पासून ते माहीत आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं बीटा-अमायलॉइडही ते तोडतं, हे १९९४ मध्ये दिसलं. २००३ मध्ये आयडीईचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत इन्सुलिन वाढलं आणि मेंदूतलं अमायलॉइडही वाढलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने इथपर्यंत बरोबर वाचलंय. पण त्या प्रयोगात अमायलॉइडचं प्रमाण वाढलं, एवढंच. उंदरांना अल्झायमर झाला असं कुणी म्हटलेलं नाही.

‘इन्सुलिनमध्ये गुंततं’ हे परीक्षानळीत खरं आहे, कारण आयडीई अमायलॉइडपेक्षा इन्सुलिनला जास्त घट्ट धरतं. शरीरात मात्र हे एन्झाइम मुख्यतः पेशीच्या आत असतं आणि अमायलॉइडच्या गाठी पेशीबाहेर. शिवाय त्याची घडण बिजागरीच्या डब्यासारखी आहे: दोन भाग मिटतात आणि आत मावेल तेवढंच कापलं जातं. सुटा रेणू मावतो, जमलेली गाठ मावत नाही. नेप्रिलायसिनसारखी दुसरी एन्झाइमंही अमायलॉइड तोडतात. कचऱ्याची एकच गाडी आणि ती इन्सुलिनने अडवली, असा हा मामला नाही.

बरं, इन्सुलिनच मेंदूचं वैरी असेल तर ते थेट मेंदूकडे पाठवल्यावर रुग्ण झपाट्याने बिघडायला हवेत. नाकातून इन्सुलिन देण्याच्या अमेरिकेतल्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले. २८९ जण, एक वर्ष. फायदा दिसला नाही, पण असा ऱ्हासही दिसला नाही. उलट बाजूने, अल्झायमर हा मधुमेहच असेल तर मधुमेहाच्या औषधाने तो आवरायला हवा. सुरुवातीच्या अल्झायमरच्या सुमारे ३,८०० रुग्णांना सेमाग्लुटाइडच्या गोळ्या देऊन पाहिलेल्या दोन चाचण्या २०२५ मध्ये अपयशी ठरल्या. विस्मृतीचा वेग कमी झाला नाही.

‘तिसरा प्रकार’ हे नाव अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या सुझान डी ला मॉन्टे यांच्या गटाने २००५ मध्ये वापरलं. ते एका गृहीतकाचं नाव आहे, निदान म्हणून कुणी लिहून देत नाही. (मधुमेहात ‘तीन-क’ म्हणून खरंच एक प्रकार आहे, पण तो स्वादुपिंडाच्या आजारामुळे होतो. गोंधळात आणखी भर.)

मग मधुमेह आणि विस्मृती यांचा संबंधच नाही का? आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत मधुमेहींना डिमेन्शियाचा धोका जवळपास दुप्पट आढळला. पण मृत्यूनंतर मेंदू तपासलेल्या अनेक अभ्यासांत मधुमेहींत जास्त दिसलं ते बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान, अमायलॉइड नव्हे. म्हणजे साखर आणि बीपी सांभाळणं हाच मार्ग, आणि फॉरवर्ड नेमकं तेच थांबवायला सांगतो.

भात कमी केल्याने मधुमेहीची साखर आटोक्यात यायला मदत होते, जरूर करा. खोबरेल तेल माशांच्या कालवणात घाला.

राहिलं विसरणं. वयस्कर मधुमेही अचानक गोंधळला, बरळू लागला, तर आधी बोटाला टोचून साखर बघायची. साखर खूप उतरली तरी माणूस असाच वागतो. दुसरं म्हणजे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्या कमतरतेतही विसरायला होतं. मावशी दहा वर्षं मेटफॉर्मिन घेतेय, बी-१२ मिळेल असं अंडंसुद्धा खात नाही, आणि तिचं बी-१२ आजवर कुणी तपासलेलंच नव्हतं. काल रक्त दिलंय. पेन पुन्हा फ्रिजच्या दारात आलंय.