ऑल्दो आला की बट आणा

मुलांचं इंग्रजी फाडफाड व्हावं असं वाटतंय ना? मग आमच्या पोराच्या शाळेकडून शिका. परवाच्या युनिट टेस्टला 'ऑल्दो' वापरून दोन वाक्यं जोडायची होती, पोराने लिहिलं, ऑल्दो इट वॉज रेनिंग, वुई वेंट आउट. चूक! 'बट' कुठंय? मार्क कट.

म्हणून नियम पहिला, ऑल्दोला एकटं सोडायचं नाही. मराठीत जरी-तरी आहे म्हणजे इंग्रजीतही जोडी हवीच, इंग्रजांना काय कळतंय.

बिकॉजने वाक्य सुरू करायचं नाही. का ते विचारायचं नाही.

रजेच्या अर्जात 'अ‍ॅज आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीवर' एवढं लिहून टिंब द्या, पुढचं हेडसरांना मनानेच कळतं.

इफच्या पाठोपाठ विल, अगदी बिनधास्त.

अनलेसमध्ये एक नॉट आधीच आत बसलेला असतो, तरी वरून अजून एक घाला. आमच्या लिफ्टपाशी नोटीस आहे, 'अनलेस यू डू नॉट पे मेंटेनन्स, वॉटर सप्लाय विल बी स्टॉप्ड'. म्हणजे पैसे भरले की पाणी बंद. मी भरलेत, बघू आता.

पण ऑल्दोचं काही डोक्यातून जात नाही हो. मॅडमना भेटायला गेलो, म्हटलं मॅडम, 'दो'बरोबर (though) 'यट' एकवेळ चालतो, जुन्या पुस्तकांत ती जोडी सर्रास दिसते, पण ऑल्दो आणि बट दोन्ही घातले तर एक अर्धं ऑल्दोने बांधलं, दुसरं बटने, मग मुख्य वाक्य राहिलं कुठे? एक ठेवा ना, ऑल्दो काढा आणि बट ठेवा, तेही बरोबरच आहे. तर म्हणे गाइडमध्ये असंच दिलंय आणि बोर्डाला असंच लागतं. कुठल्या बोर्डाला? 'डू अ‍ॅज डायरेक्टेड'मध्ये पोरं वर्षानुवर्षं बट काढून ऑल्दो घालतायत, तोच तर प्रश्न असतो!

अहो, एवढी फी घेता, इंग्लिश मीडियमचा बोर्ड लावता, मग एवढं तरी नीट वाचून या की वर्गात. जरीला तरी लागतो, ऑल्दोला बट लागत नाही, मराठीतून सांगितलं तरी पोरांना दोन मिनिटांत कळेल. पण तेवढं आधी तुम्हाला माहीत हवं, आणि नसेल तर कुणाला तरी विचारा ना, बरोबर लिहिणाऱ्या पोराचे मार्क कशाला कापता?