म्हणे, आमची आठवण येते

आज सकाळी सव्वानऊला मोबाईलवर मेसेज. "आम्हाला तुमची आठवण येते! परत या आणि मिळवा पहिला महिना मोफत." पुढे लाल बदाम. पाठवणारं कोण? ज्या नेट कंपनीने सतरा दिवसांपूर्वी माझ्या डिपॉझिटमधून ३५० रुपये कापले, तीच. मी कुकर लावत होते. आधी शिट्टी कुकरची झाली की माझी, सांगता येणार नाही.

दिवसभर डोक्यात घोळतंय, म्हणून लिहूनच टाकते. लांबणार आहे. घाई असेल त्यांनी पुढे सरका, राग नाही.

या कंपनीचं नेट आमच्याकडे लॉकडाऊनपासून. लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलं होतं. पहिली तीनेक वर्षं बरं चाललं, उगाच खोटं कशाला बोलू. मग सुरू झालं. त्यांची वायर समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून निघून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, आंब्याच्या फांदीवर टेकून आमच्या डक्टमध्ये शिरायची. पाऊस आला की नेट गेलं. संक्रांतीला मांज्याने गेलं. महापालिकेने फांद्या छाटल्या तेव्हा तर तीन दिवस गेलं. एरवी कुठेतरी खणलं म्हणून गेलं, आणि ठाण्यात कुठेतरी खणलेलं नसतं असा दिवस मला दाखवा. फोन केला, मराठीसाठीचं बटण दाबलं की पलीकडून "मॅम, घोडबंदर रोड पे फायबर कट है." अरे, मी सावरकरनगरला राहते, आणि बटण मराठीचं दाबलंय!

मे महिन्यात, माझी जीएसटीची रिटर्न्स भरायची चालू असताना (मी घरून तीन दुकानांचे हिशेब बघते) नेट गेलं, तेव्हा ठरवलं. बास. सोडायचं.

आणि मग कळलं, घ्यायला एक फोन लागतो, सोडायला अकरा.

पहिल्या फोनवर, का सोडताय? दुसऱ्यावर, स्पीड दुप्पट करून देतो, पैसे तेवढेच. म्हणजे इतके दिवस देता येत होता आणि देत नव्हता? तिसऱ्यावर, आमची टीम २४ तासांत संपर्क करेल. टीमने केला, आणि का सोडताय हे पुन्हा पहिल्यापासून विचारलं. कायमची माहेरी निघालेल्या सुनेलाही इतक्यांदा विचारत नाहीत हो. मग ईमेल करा. मग ईमेल रजिस्टर्ड आयडीवरून करा. तो आयडी नवऱ्याच्या आधीच्या नोकरीतला, केव्हाच बंद. तो बदलायला ओटीपी. ओटीपी त्याच बंद आयडीवर!

राऊटर न्यायला माणूस येईल म्हणाले. दोनदा सुट्टीसारखी घरी थांबले, दोनदा आला नाही. शेवटी पिशवीत राऊटर, वायर, ॲडॉप्टर भरलं आणि रिक्षाने वागळे इस्टेटला त्यांच्या गाळ्यावर गेले. टोकन नंबर ३१. वर पंखा, तोही फक्त काउंटरवरच्या मुलावर फिरणारा.

त्या मुलाने राऊटर उलटा केला, नंबर जुळवला. मग ॲडॉप्टर हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, लेबल वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, हा आपला नाही."

आपला नाही म्हणजे? तुमच्या राऊटरला १२ व्होल्ट लागतात, यावर १२ व्होल्टच लिहिलंय. पिन बसतेय. राऊटर यावरच चालत होता. आपला आणि परका काय? तर म्हणे आमच्या ॲडॉप्टरवर कंपनीचा स्टिकर असतो, याच्यावर नाही, ३५० कट होतील. मी म्हटलं, अरे, चार वर्षांत स्टिकर निघून गेला असेल. तो म्हणाला, "निघाला तर गोंद राहतो, मॅडम." मागे रांगेत सात-आठ माणसं. दीड हजार डिपॉझिट, हातात येणार ११५०, तेही "प्रोसेस" होऊन. सही केली आणि आले. रिक्षात बसल्यावर रडू येईल की काय असं झालं, ३५० रुपयांसाठी नाही हो, चोर ठरवल्यासारखं वाटलं म्हणून.

मोबाईलला बघा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. १९०० ला एक एसएमएस, कोड येतो, दुसरीकडे द्यायचा, झालं. घरच्या नेटला असं का नसावं? भाचा याच धंद्यात आहे, तो म्हणाला, "मामी, मोबाईलचा फक्त नंबर हलतो, इथे प्रत्येकाची वायर वेगळी, पेटी वेगळी." बरं बाबा, वायर वेगळी. पटलं. पण "मला नको" एवढं ऐकून घ्यायला कुठली वायर लागते?

"ट्रायकडे तक्रार कर" असं सांगणाऱ्यांना आधीच हात जोडते. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणारी नियामक संस्था, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथून डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्यायचा, समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं. सासूची तक्रार सासूच्या आईकडे. (सासूबाई फेसबुकवर नाहीत, म्हणून लिहितेय.)

एक शहाणपणा मात्र केला. नवीन लाइन येऊन आठ दिवस नीट चालेपर्यंत जुनी तोडली नाही. पंधरा दिवसांचे पैसे दोन्हीकडे गेले, पण अंधारात बसले नाही. आणि वर्षाचे पैसे एकदम भरून दोन महिने फुकट मिळवायच्या नादाला या वेळी लागले नाही. वर्षाचे भरले की भांडायचा हक्कच जातो. जाहिरातीतले ४९९ म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ५८९, हेही आता पाठ आहे.

नवीन कंपनीचं कौतुक करायला बसलेली नाही. दोन वर्षांनी त्यांनाही माझी आठवण येईलच. पण जोडायला आला होता त्या पोराबद्दल लिहिलं नाही तर माझ्यासारखी कृतघ्न मीच.

संध्याकाळी पाचला येणार होता, आठला आला, चिंब. दिव्याहून येतो म्हणाला. दिव्याहून रोज लोकलने ठाण्याला येणं काय असतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. दिवसातलं सहावं कनेक्शन होतं त्याचं. चहा नको म्हणाला, मोबाईल चार्जिंगला लावू का विचारलं. मग दप्तरातून यंत्र काढलं आणि म्हणाला, "काकू, पंखा बंद करा."

फायबर म्हणजे खरोखर काचेचा केस. सोलून, पुसून, कापून त्याने दोन टोकं त्या यंत्रात समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर दोन्ही टोकं सरकत सरकत एकमेकांजवळ आली, एक ठिणगी, आणि दोनाची एक. काचेचे कापलेले तुकडे तो एकेक करून चिकटपट्टीवर गोळा करत होता, "आजी अनवाणी फिरतात ना" म्हणून. फायबरमधून उजेड किती येतो ते बघायला मीटर लावला तर मायनस २८. मला वाटलं झालं काम. त्याने मान हलवली. "२७च्या खाली गेलं की लाल दिवा लागणार काकू, आज चालेल, परवा तुम्ही शिव्या द्याल." पुन्हा डक्टमध्ये गेला, खालच्या मजल्यावरचा जोड उघडून परत केला. मायनस १९. साडेनऊ वाजले होते. जाताना ओटीपी मागितला आणि "पाच स्टार द्या काकू, चार दिले तरी मला विचारतात" म्हणाला. दिले. दहा असते तर दहा दिले असते. आणि या पोराच्या नावाने आपण फोनवर ओरडतो. मीही ओरडलेय, त्याच्यावर नाही, पण त्याच्यासारख्यांवर.

राऊटर कुठे ठेवायचा यावरून मात्र घरात महाभारत. रिकामा प्लग देवघराजवळ. जोडणारा पोरगा म्हणाला, देवघराच्या वरच्या फळीवर ठेवू, उंचावरून रेंज छान मिळते. सासूबाई म्हणाल्या, देवाच्या डोक्यावर लुकलुकणारं काहीही चालणार नाही. नवरा म्हणाला, बेडरूममध्ये कपाटामागे, म्हणजे दिसणार नाही. लोखंडी कपाटामागे! वायफाय काय, तिथे वारासुद्धा जात नाही. शेवटी पॅसेजच्या माळ्याखाली खिळा ठोकून टांगला. आता स्वयंपाकघरातही चार काड्या दिसतात.

एक गोष्ट सगळ्यांना सांगते, कारण मला कोणी सांगितली नव्हती. नवीन राऊटरला जुन्याच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, लहान-मोठ्या अक्षरांसकट जसाच्या तसा. राऊटरखाली स्टिकरवर पत्ता असतो, आमच्याकडे १९२.१६८.१.१ होता, तो ब्राउझरमध्ये टाकला की आतलं पान उघडतं. नाव-पासवर्ड बदलला आणि टीव्ही, प्रिंटर, लेकीचा लॅपटॉप, सासूबाईंचा टॅब, सगळे मुकाट जोडले गेले. सासूबाईंच्या टॅबला तर कंपनी बदलल्याचा पत्ताच नाही. पासवर्ड म्हणून आपला मोबाईल नंबर ठेवून देतात, तो ठेवू नका, सोसायटीच्या वॉचमनलाही तुमचा नंबर पाठ असतो. त्या आतल्या पानाचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला.

आणि "१०० चा प्लॅन घेतला तरी डाउनलोडला १२च का दाखवतं" हे मला कंपनीत फोन करून विचारू नका, मी केला होता. ते १०० मेगाबिट. आठाने भागायचं, साडेबारा मेगाबाइट येतात. गणित बरोबर आहे त्यांचं. लांबच्या खोलीत वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवर राहा, राऊटरसमोर बसत असाल तर ५ वर. भिंती मध्ये आल्या की ५ची दमछाक होते.

हे सगळं मी, बी.कॉम. बाई, हातात करंजीचं सारण असताना शिकले. मग त्या काउंटरवरच्या मुलाने मला ॲडॉप्टर ओळखता येत नाही असं ठरवावं? १२ व्होल्ट म्हणजे १२ व्होल्ट! आपला-परका काय असतो त्यात!

थांबा.

वरचं वाक्य टाइप करून पाणी प्यायला उठले. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो हसला नाही. जरा वेळाने म्हणाला, "अगं, मागच्या गणपतीच्या आधी सेट टॉप बॉक्सचं ॲडॉप्टर जळलं होतं ना..."

हो. जळलं होतं.

"तेव्हा मी राऊटरचं तिकडे लावलं आणि राऊटरला स्टेशनवरून एक आणलं. १२ व्होल्टचंच आणलं, बघून."

टीव्हीमागे टॉर्च घेऊन गेले. धुळीत ॲडॉप्टर. त्यावर स्टिकर. कंपनीचा. एक कोपरासुद्धा निघालेला नाही.

म्हणजे तो पोरगा बरोबर होता. गोंद राहतो म्हणाला होता, तेही बरोबर. मी रांगेसमोर त्याच्यावर आवाज चढवला होता. वरचं सगळं खोडावं असं एकदा वाटलं, पण अकरा फोन खरे आहेत, बंद ईमेलवरचा ओटीपी खरा आहे, आणि ३५० तरीही जास्तच आहेत, स्टेशनवर याला दीडशे पडले होते. आणलं नवऱ्याने. मला न सांगता.

पावती फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. उद्या वागळेला जाऊन हा "आपला" त्यांच्या हातात ठेवणार होते, पैसे देवोत न देवोत. तोंडाने सॉरीही म्हणणार होते. पण ते टीव्हीमागून काढलं आणि बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, टीव्ही का गेला? सोडलं का यांनीही?"

साडेसातची मालिका लागली होती. परत लावलं.