‘डिस्प्ले येत नाही’: एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नव्याने जोडलेल्या पीसीचा डिस्प्ले येत नसेल तर काय करावं, या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच सालटी काढलीत. तुमचं म्हणणं असं: लेख नको तितका लांब आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला पोरगा हेच काम रॅम (मेमरी) आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलून दहा मिनिटांत उरकतो. आणि ‘काळ्या स्क्रीनसमोर थांबा’ असं सांगणं म्हणजे लोकांच्या तोंडाला पानं पुसणं. शिवाय भाच्याचं मशीन पुराव्याला आणलंत: रायझन ७६०० प्रोसेसर, डीडीआर५ रॅमच्या दोन स्टिक, पंखे फिरतात, मदरबोर्डावरचा, रॅमची अडचण दाखवणारा ‘डीरॅम’चा पिवळा दिवा विझत नाही, आणि दुकानदार म्हणतो बोर्ड गेला.

लांबीवरून भांडत नाही. पण तो पोरगा दहा मिनिटांत उरकतो, कारण त्याच्या पाठीमागच्या फळीवर चालू रॅम आणि चालू एसएमपीएस पडलेले असतात. घरी पहिल्यांदाच पीसी जोडणाऱ्याकडे काय असतं? जुना पीसी, त्यात आधीच्या पिढीची डीडीआर४ रॅम. तिची खाच वेगळ्या जागी, ती डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही. त्याला बदलून बघता येत नाही, काढून बघता येतं. म्हणून मी सगळं कॅबिनेटबाहेर काढून फक्त बोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि एक स्टिक इतक्यावर चालू करायला सांगितलं.

आणि चालता चालता बंद पडलेलं मशीन वेगळं, कधीच सुरू न झालेलं वेगळं. पहिल्यात बहुधा काहीतरी गेलेलं असतं, तिथे बदलाबदली ठीक. दुसऱ्यात बरेचदा सगळं धडधाकट असतं. काहीतरी लावायचं राहिलेलं असतं, अर्धवट बसलेलं असतं, नाहीतर जुळत नसतं. सीपीयूची आठ पिनांची पॉवर केबलच बघा. तिची जागा बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. मोठा कूलर आधी बसवला की तिथे बोटं शिरत नाहीत आणि केबल मागेच लोंबकळत राहते. बोर्डाची २४ पिनांची मुख्य केबल लावलेली असल्यामुळे पंखे फिरतात, आरजीबीचे रंगीत दिवे झगमगतात, बघणाऱ्याला वाटतं वीज पोचली. प्रोसेसर मात्र उपाशी. रॅमचंही तसंच. हल्ली बऱ्याच बोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला क्लिप असते. ते टोक ‘कट्’ वाजतं आणि दुसरं केसभर वर राहतं. कुणी रायझन ७५००एफ प्रोसेसर घेतो, त्यात ग्राफिक्सच नाही, आणि मॉनिटरची एचडीएमआय केबल लावतो बोर्डाला. कुणाला २०२२ च्या बायोसचा (बायोस म्हणजे बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) जुना स्टॉकमधला बी६५० बोर्ड मिळतो आणि त्यावर तो २०२४ चा रायझन ९००० बसवतो, जो त्या जुन्या बायोसला ओळखूच येत नाही. यातल्या कशावर रॅम बदलणं हा इलाज आहे, सांगा. शेवटच्या प्रकरणात बायोस फ्लॅशबॅकची, म्हणजे पेनड्राइव्हवरून नवं बायोस भरायची, सोय असली तर तेवढ्यावर काम होतं, प्रोसेसर बसवलेला नसला तरी.

एसएमपीएस बदलण्यात तर धोकाही आहे. मॉड्युलर, म्हणजे डब्यातून सुट्या होणाऱ्या, केबल बाहेरून सारख्या दिसतात, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची, वेगळी. डबा बदलला आणि केबल जुन्याच ठेवल्या तर चांगली एसएसडी जळू शकते.

आता थांबण्याबद्दल. भाच्याच्या रायझनचा जो एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक), त्यावर पहिल्यांदा वीज दिली की बोर्ड डीडीआर५ शी सिग्नलची वेळ जुळवत बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ स्क्रीन काळी, आणि पिवळा दिवा लागलेला असू शकतो. हा सॉकेट आला तेव्हा असरॉक या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने रॅमच्या स्लॉटवर स्टिकरच लावला होता: १६ जीबीच्या दोन स्टिकला सुमारे १०० सेकंद, ३२ जीबीच्या चार स्टिकला सुमारे ४००. म्हणजे साडेसहा मिनिटांच्या वर. मधेच बटण दाबून बंद केलं किंवा सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बायोसची सेटिंग पुसली, की पुन्हा पहिल्यापासून. घाबरून दर मिनिटाला बंद-चालू करणाऱ्याचा पीसी कधीच उठणार नाही. मी पंधरा मिनिटं लिहिली ती हातचं राखून.

जाता जाता तुम्ही सुचवलंत की बोर्ड पुठ्ठ्यावर नको, अँटीस्टॅटिक पिशवीवर ठेवावा. चंदेरी पिशवीत धातूचा थर असतो, वीज चालू असताना बोर्डाखाली ती नकोच. बोर्डाचा खोका बरा. २४ पिनांच्या केबलमधली हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस तपासायचं म्हणालात, तर त्यातून तो चालू होतो एवढंच कळतं, लोड घेतो का ते नाही. आणि झिरो आरपीएमवाल्यांचा, म्हणजे लोड कमी असताना पंखा बंद ठेवणाऱ्या एसएमपीएसचा, पंखा तेव्हा फिरतही नाही. लोक चांगला डबा मेला समजून परत करतात.

भाच्याच्या बोर्डाला इतक्यात मेलेला ठरवू नका. एकच स्टिक ठेवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही टोकं दाबून. सीमॉस क्लिअर करा, चालू करा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. नाही आला तर दुसरी स्टिक, त्याच स्लॉटमध्ये, तसंच. तरीही पिवळाच राहिला तर कूलर आणि प्रोसेसर उतरवून सॉकेटवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, त्यातली एखादी वाकली तरी रॅम दिसत नाही. स्वच्छ फोटो काढून ठेवा. पिना सरळ असतील तर बोर्ड खुशाल परत द्या, पण सॉकेटचं झाकण लावून आणि फोटो सोबत घेऊन. वाकलेल्या पिनांवर वॉरंटी सहसा मिळत नाही, आणि त्या कुणी वाकवल्या यावरून काउंटरवर हमखास हुज्जत होते.