आधी चौक जोडा
पुण्यातल्या नव्या सायकल ट्रॅकवरच्या तुमच्या लेखात ट्रॅकचे किलोमीटर मोजलेत, पण इथे ट्रॅक तुटतो तो नेमका चौकात. 2017 साली मंजूर झालेल्या सायकल आराखड्यात सलग जाळं अपेक्षित आहे. म्हणून महापालिकेच्या पथ (रस्ते) विभागाला कळकळीची विनंती: चौकाच्या अलीकडेच ट्रॅक संपवून सायकलस्वाराला बसपुढे सोडू नका. सरळ जाणाऱ्या सायकलला मोठा धोका डावीकडे वळणाऱ्या गाडीचा. चौकाच्या कोपऱ्याच्या वळणाची त्रिज्या कमी केली, म्हणजे वळण आवळलं, की वळणाचा वेग उतरतो. ट्रॅकचा रंगीत पट्टा चौकातून पलीकडच्या ट्रॅकपर्यंत न्या. सिग्नलला सायकलची थांबारेषा गाड्यांच्या थांबारेषेच्या चार मीटर पुढे आखा, म्हणजे चालकाला सायकल दिसते. ट्रॅकवरून रस्त्यावर उतरणारा रॅम्प रस्त्याशी समपातळीत हवा, दोन-तीन सेंटीमीटरची कडही तिरपं आलेलं चाक घसरवते, पावसात तर हमखास. आणि चेंबरच्या जाळीच्या फटी रस्त्याला आडव्या ठेवा. उभ्या फटीत चाक अडकतं.