प्रत्येक मोडला सबक्लास दिला, पण पॅरामीटरचं काय?

प्रोग्रामरांच्या ग्रुपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो: "प्रत्येक मोडला एक सबक्लास करा, सगळ्यांना एकच चालव() द्या, वेगळं लागेल ते डिक्शनरीतून पाठवा. इफ-एल्स कायमचं संपलं!" मोड म्हणजे यंत्र चालवायची एक पद्धत. क्लास म्हणजे कोडमधला साचा, आणि सबक्लास म्हणजे मूळ (बेस) क्लासवरून बनवलेला त्याचा खास प्रकार. डिक्शनरी म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांची यादी, आणि इफ-एल्स म्हणजे 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते'.

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत असते तशी इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी घ्या. मेल्टिंगला (धातू वितळवताना) किलोवॉट सांगावे लागतात, होल्डिंगला (वितळलेला धातू तसाच गरम ठेवताना) धातूचं तापमान. सिंटरिंगला, म्हणजे भट्टीचं नवं लायनिंग (आतलं अस्तर) भाजताना, ताशी किती अंश चढायचं आणि कुठे किती वेळ थांबायचं याचा अख्खा तक्ता लागतो.

"एकच चालव(), म्हणजे पॉलिमॉर्फिझम." म्हणजे हाक एकच, पण प्रत्येक प्रकार आपापल्या पद्धतीने काम करतो. इथे ते नावापुरतं. समोर कोणता मोड आहे हे कळल्याशिवाय डिक्शनरी भरणार कशी? बेसच्या जागी सबक्लास आला तरी वापरणाऱ्याचं काही बिघडू नये, हे संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्येच मांडलं. इथे तर प्रत्येक सबक्लास गुपचूप वेगळी मागणी करतोय.

"डिक्शनरी लवचिक असते." असते की! 'ताशी_दर'च्या जागी कुणी 'दर_ताशी' लिहिलं तरी कंपायलर (कोड तपासून यंत्राला कळेल असा करणारा प्रोग्राम) हूं की चूं करत नाही. दर सापडला नाही म्हणून कोडने मनानेच पूर्ण पॉवर धरली तर? सिलिका लायनिंगमधलं क्वार्ट्झ 573 अंश सेल्सिअसला रूप बदलतं आणि फुगतं. तिथून घाईने गेलात तर लायनिंगला तडे जायची भीती.

त्यापेक्षा पॅरामीटर कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे क्लासवरून ऑब्जेक्ट बनतानाच घ्या: सिंटरिंग(तक्ता), मेल्टिंग(किलोवॉट), होल्डिंग(तापमान). तक्त्याशिवाय सिंटरिंगचा ऑब्जेक्ट तयारच होत नाही. चालव()ला तिन्ही मोडना सारखं मिळणारं तेवढंच द्या, म्हणजे वेळ आणि आत्ताचं तापमान. ते किती पॉवर द्यायची एवढं परत करेल. मधेच किलोवॉट वाढवायचे झाले तर नवा मेल्टिंग ऑब्जेक्ट बनवा, जुन्याला हात लावू नका. सबक्लासचा सल्ला तेवढा बरोबर होता, हे मान्य.

"इफ-एल्स संपलं." अजिबात नाही. पॅनेलवर फर्नेसवाला मोड निवडतो, तेव्हा कोणते रकाने दाखवायचे हे कुठेतरी ठरवावंच लागतं. ती निवड एका जागी, उघड असू द्या. जावा या भाषेच्या 17व्या आवृत्तीत सील्ड क्लास आले, म्हणजे ज्याचे सबक्लास कोणकोणते ते आधीच ठरलेलं असतं. जावा 21 पासून अशा प्रकारावर स्विच (कोणता मोड असेल तर काय करायचं याची यादी) लिहिताना एखादा मोड राहिला आणि डिफॉल्टही ('बाकी सगळ्यांसाठी' अशी ओळ) नसेल, तर कोड कंपाइलच होत नाही. उद्या चौथा मोड जोडलात, तर कुठे कुठे बदल राहिलाय ते तिथेच दिसेल.