यंदाही ज्वालामुखीच करा

शाळेतून विज्ञान प्रदर्शनाची चिठ्ठी आली की ती पोराच्या हाती राहू देऊ नका. पाचवी ते सातवी हे वय फार वाईट. याच वयात मुलांना खरोखरचे प्रश्न पडतात. चिठ्ठी दप्तरातून परस्पर काढा, बेळगावचा खडेबाजार गाठा आणि थर्माकोल, फेविकॉल, लाल-पिवळा रंग घेऊन या. आपण ज्वालामुखी करणार आहोत.

ज्वालामुखीच का? तर परीक्षकांना तो लांबूनच ओळखू येतो म्हणून. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, थोडा साबण. फेस वर आला की टाळ्या. त्यातून सुटणारा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडावॉटरच्या बाटलीतलाच. खऱ्या ज्वालामुखीत ना सोडा असतो ना व्हिनेगर, पण हे पोरानं स्टॉलवर बोलायचं नाही. तसंच आपल्या भागात शेतात, बांधावर, विहिरीच्या कडेला जो काळा दगड दिसतो, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हाच आहे आणि दख्खनच्या त्या पसाऱ्याची दक्षिणेकडची कड बेळगावच्या आसपासच संपते, हेही त्याला आत्ताच कळायला नको. दारात पडलेल्या दगडाला कोण बक्षीस देतंय?

ज्वालामुखी शेजाऱ्यांनी आधीच धरला असेल तर लिंबाची बॅटरी. एका लिंबात जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार खोचली की एक व्होल्टच्या आत-बाहेर मिळतो. लाल एलईडीलाही पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, म्हणजे एका लिंबावर तो पेटणार नाही. तीन-चार लिंबं ओळीनं जोडावी लागतात. पोरगं विचारेल, बटाट्यावर पण चालतंय, मग वीज लिंबातली कशी? असं विचारायला लागलं की लगेच गप्प करा. ती ताकद झिजणाऱ्या जस्ताची असते, लिंबाचा रस फक्त वाट करून देतो, हे एकदा समजलं की चार्टवरचं 'लिंबातून वीज' हे मोठ्या अक्षरातलं शीर्षक पुसावं लागेल, आणि मार्करच्या अक्षरांना तुम्ही रात्री साडेअकरापर्यंत बसला होता.

महत्त्वाकांक्षी पालकांसाठी गोकाकचा धबधबा. खरी घटप्रभा ५२ मीटरवरून उडी मारते, आपली फिश टँकच्या मोटारीवर दीड फुटावरून मारेल. खाली प्लॅस्टिकच्या चमच्यांचं चक्र, शेजारी बल्ब. चक्रानं बल्ब पेटत नाही, कधीच पेटत नाही. म्हणून पुठ्ठ्याखाली नऊ व्होल्टचा सेल चिकटवा आणि बटण पोराच्या अंगठ्याखाली द्या. जलविद्युत तयार.

चार्टच्या भाषेचा विचार मात्र आधी करा. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा आहे. ज्वालामुखीला तो लागू होतो का, याचा खुलासा अजून कुणी मागितलेला नाही. शाळा मराठी, परीक्षक कन्नड, बक्षिसाचं सर्टिफिकेट इंग्रजी. तेव्हा पोराकडून तिन्ही भाषांत एकच वाक्य पाठ करून घ्या. चौथा प्रश्न आला तर सोडा ओतायचा. फेसाला भाषा लागत नाही.

आता एक धोक्याची सूचना. आमच्या शेजारच्या सहावीतल्या पोरीला प्रश्न पडला की उन्हाळ्यात गार होणारं मडक्यातलं पाणी श्रावणात का होत नाही. तिनं खानापूरच्या मातीची दोन सारखी मडकी घेतली, एकाला बाहेरून ऑइलपेंट फासला आणि रोज दुपारी तीनला दोन्हींत थर्मामीटर बुडवला. आठवडाभर. रंगवलेलं मडकं गार होईना. छिद्रं बुजली, पाणी पाझरेना, वाफ होईना; वाफ होताना आतली उष्णता घेऊन जाते, ती जाईना. श्रावणात हवाच ओली, तेव्हा साध्या मडक्याचीही तीच गत. सगळे आकडे वहीत लिहिले होते, खाडाखोडीसकट.

परीक्षकांनी वही उलटीसुलटी केली. "छान हाय खरं, मॉडेल कुठाय?" म्हणाले.

तिला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. नाव चुकलेलं. घरी आता रंगवलेल्या मडक्यात कांदे ठेवतात.

तर ज्वालामुखीच. शेवटचं एक व्यावहारिक सांगतो. हॉलमध्ये पंखे असतात आणि थर्माकोल हलका. मागच्या साली एक अख्खा डोंगर उडून सौरमालेवर पडला होता. निघताना दारातला एखादा काळा दगड पिशवीत टाका आणि डोंगराला मागून टेकू द्या. कुणाला दिसणार नाही असा लावा.